माहेरचं रक्त

"मामाची मुलगी म्हणजे सगी?" डॉक्टर अलकनंदांचं पेन हातातच राहिलं. "आप लोगों में भाई-बहन की शादी हो जाती है?"

"आमच्यात चालतं," सुनंदाबाई म्हणाल्या. दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत हे उत्तर त्यांनी तीन वर्षं टाळलं होतं. कोणी विचारलं की सून 'दूर की रिश्तेदार'. इथे ते चालणार नव्हतं.

सुनेला, केतकीला तिसरा महिना होता. तिच्या रक्तात थॅलेसेमिया मायनर निघाला आणि नवऱ्याच्या, सुधन्वाच्याही. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. या दोघांना काही त्रास नाही. पण दोघांकडूनही बाळाकडे दोष गेला, तर त्याला जन्मभर रक्त चढवावं लागेल. चारात एक शक्यता. बाळाची तपासणी करावी लागेल.

"हे आभाळातून पडत नाही," त्या म्हणाल्या. "मुलात आहे म्हणजे आईत नाहीतर वडिलांत असणारच."

"माझ्यातच आहे," सुनंदाबाई घाईने म्हणाल्या. "हिचा बाप माझा सख्खा भाऊ. त्याच्यातही निघालंय."

"तरी तुम्ही दोघंही रक्त देऊन जा. फाइल पूर्ण होईल."

"सत्तरीच्या माणसांना कशाला सुया टोचता?" सुनंदाबाईंचे यजमान सूर्यकांतराव उठलेच.

पण सुधन्वा मानेसरच्या कारखान्यात माल तपासायचा. कागदावर नसलेली गोष्ट त्याला पटत नसे. "पाच मिनटांचं काम आहे, बाबा. बसा ना यार." तो दारातच उभा होता. सुनंदाबाईंनी बाही वर केली.

घरी आल्यावर भावाचा, विठ्ठलचा फोन आला. "काय गं सुनंदे, पहिल्या बाळंतपणालाही माहेरी आली नाहीस. नवऱ्याच्या बदलीच्या गावी, पानिपतात उरकलंस. आता बघ माहेरचं रक्त कसं मागं लागलंय!"

"ठेव फोन. कुकर झालाय माझा," त्या म्हणाल्या. कुकर अजून चढवायचा होता.

लग्नाचा हट्ट त्यांचाच होता. "माझ्या घरात माझं रक्त नांदू दे," एवढंच त्या धरून बसल्या होत्या. आता सूर्यकांतराव येताजाता मोठ्याने म्हणत, "हिच्या माहेरची देणगी!" मुलगा घरात असला की आवाज आणखी चढे. सुनंदाबाई एरवी ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. पण आता मुकाट्याने मान डोलवत.

बाळाची तपासणी झाली. उरलं होतं फक्त वाट बघणं. कागद घरी येणार असता, तर खाली जाऊन वॉचमनकडून आधी हातात घेता आला असता. पण रिपोर्ट येणार होते सुधन्वाच्या मोबाइलवर. तो मोबाइल टिंग करून वाजला की त्यांच्या हातातली पोळी तव्यावर करपे.

रोज सकाळी देवापुढे त्या एकच मागत, "दोष माझ्यातच निघू दे."

केतकीने एकदा ऐकलं. तिचे डोळे भरून आले. "आत्या, असं काय मागतेस गं?"

"मागू दे मला," सुनंदाबाई म्हणाल्या.

रविवारी पोह्यांच्या वेळी मोबाइल वाजला. सुधन्वाने वाचलं आणि खुर्चीवरून उठून केतकीला मिठीच मारली. "फक्त मायनर! आपल्यासारखंच. बाळ ठीक आहे!"

सूर्यकांतराव जिलबी आणायला निघाले. एक पाय चपलेत होता, तेवढ्यात सुधन्वा म्हणाला, "थांबा बाबा, तुमच्या दोघांचेही आलेत. बाबा, तुमचं नॉर्मल." त्याने बोट खाली सरकवलं. "आई, तुझंही."

"सुटलीस गं आत्या!" केतकीने टाळीच वाजवली. "उगाच इतके दिवस बोल लावून घेतलास!"

सूर्यकांतरावांचा दुसरा पाय चपलेत गेलाच नाही.

सुधन्वाने फ्रिजवर लावलेला डॉक्टरांचा तो गोलांचा कागद काढला. वरच्या दोन गोलांवर बोट ठेवलं, मग खालच्या एकावर. पुन्हा वर नेलं.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "पानिपतात तुम्ही मला कोणाकडून घेतलंत?"