मोज्यांचा हत्ती

माझ्या चेन्नईतल्या घरमालकीण कामाक्षीमामी तिथल्या प्रथेप्रमाणे नवरात्राच्या बाहुल्या सात पायऱ्यांवर मांडत होत्या. माझा कुत्रा बोंडा टक लावून बघत होता. "यानं एक जरी चावली, तर दोघंही बाहेर," मामी म्हणाल्या. बोंड्यानं दोन उशा आणि माझं ऑफिसचं ओळखपत्र पचवलं होतं. म्हणून त्याला चावायला मी जुन्या मोज्यांचा हत्ती शिवला. सोंड पाठीवर बसली. "अय्यो, काय रे हे?" "हत्ती, मामी." "हत्तीला माहीत आहे का?" बोंड्यानं हत्ती हुंगला, तोंडात धरला, थेट पायऱ्यांकडे धावला. मी मनात सामान बांधायला घेतलं. त्यानं हत्ती सर्वांत खालच्या पायरीवर अलगद ठेवला, वाकडा वाटला म्हणून नाकानं सरळ केला. मामींनी कुंकवाचा करंडा उघडला. मग हत्तीला कुंकू लावून म्हणाल्या, "दरवर्षी एक नवी बाहुली लागतेच. पुढच्या वर्षी घोडा शिव. त्याला सोंड नको."