केशरबाईंचा शब्द

दुपारी साडेबाराला विद्यार्थिनी मैत्रीचे फील्डवर्कचे तीनशे तास भरले. सार्वजनिक आरोग्याच्या डिग्रीसाठी आता फक्त फॉर्मवर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांची सही उरली होती.

"मी तुला काम करताना पाहिलंच नाही," डॉक्टर म्हणाले. "सही कशाच्या जोरावर करू?"

"मी पाह्यलंय की, साहेब," वस्तीतल्या आशा सेविका केशरबाई म्हणाल्या. "दोन महिने एका छत्रीत अख्खं रबाळे पालथं घातलंय आमी."

"तुम्ही आठवी पास, केशरबाई. कॉलेजला तुमचा शब्द चालत नाही. बरं, वस्तीचा रिपोर्ट द्या, वर पाठवायचाय."

मैत्री भिंतीला टेकली. केशरबाईंनी कागद पुढे केला. किती घरांत ताप, किती बाया गरोदर, सगळे आकडे त्यांच्याच हातचे. डॉक्टरांनी न वाचता त्यावर सही ठोकली.

एकला ते जेवायला उठले, तेव्हा मैत्रीच्या फॉर्मवर सहीची जागा कोरीच होती.