बचावाचा दोर

कयाक घेऊन परदेशातल्या खवळत्या नदीत उतरायचं खूळ लेकीनं सोडावं, म्हणून कर्नलसाहेबांनी तिच्याशी महिनाभर अबोला धरला. मग एके दिवशी त्यांनीच शर्यतीला जायची तिघांची विमानाची तिकिटं काढली. आता चंदीगडच्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर ते रोज सकाळी, बुडत्याला फेकायचा दोर लांबच्या कुंडीवर नेम धरून फेकत. एकही फेक चुकत नव्हती.

"विरघळले गं तुझे बाबा," आई म्हणाली.

ओजस्विनीला भरून आलं. ती बाहेर धावली. "बाबा, इतकी काळजी? मी नाही बुडणार, पक्का!"

"ठाऊक आहे," दोर गुंडाळत ते म्हणाले. "पण काठावरून मदत मिळाली की स्पर्धक बाद. नियम वाचलाय मी. पहिल्याच वळणावर उभा राहणार आहे."