उन्हाची तिरीप

"दस्तगीर, रोज चारच्या ठोक्याला या मागावरचं सूत तुटतंय. या आठवड्यात कापड गेलं नाही तर व्यापारी हातचा जाईल," मालक चौगुले म्हणाले.

फिटर दस्तगीरनं कानामागे एका नामांकित फिटरच्या डोक्याची चकती चिकटवली; चकती ज्याची, त्याच्यासारखं डोकं चालायचं. लगेच त्याला खात्री पटली, सुताचा ताणच चुकलाय. ताण सुधारला, तरी सूत तुटलं. दुसऱ्या दिवशी वायरमनची चकती लावली, तर दोष विजेत दिसला. वीजही सुधारली. पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी वैतागून चकती उपटून तो नुसत्या स्वतःच्या डोक्यानं मागाजवळ बसला. असं बसायची त्याला धास्तीच वाटायची. चार वाजले. छताच्या फुटक्या कौलातून उन्हाची तिरीप नेमकी सुतावर पडली. ओलसर सूत वाळलं, कडक झालं आणि तटकन तुटलं.

"आयला, हे होय!" दस्तगीर हसला आणि कौलावर पोतं टाकून आला. माग चालू राहिला.

चौगुले इतके खूश झाले, की त्यांनी दस्तगीरच्याच डोक्याची चकती बनवून इचलकरंजीभर वाटली.

महिन्याभरानं दस्तगीर शेजारच्या कारखान्यात गेला. मोटार जळल्याचा वास सुटला होता आणि कानामागे त्याचीच चकती लावलेले चार फिटर माना वर करून छत न्याहाळत होते.