लशीनंतरची घोणस

आठ महिन्यांनी फोन वाजला, तसे सर्पमित्र मुजावरकाका आकड्याची काठी आणि कापडी पिशवी घेऊन चौगुल्यांच्या घरी धावले. न्हाणीच्या दारात घोणस ठेचून मारलेली पडली होती.

“अगं रेखा, मी येतच होतो ना!”

“आता घाबरायचं कशाला?” रेखानं मनगटावरचे दोन लाल ठिपके दाखवले. “चावली की मला. गांधीलमाशी चावल्यागत झालं, बास. लस घेतलीय सगळ्यांनी.”

“मग मला कशाला बोलावलंस?”

“मेलेली उचलायला कुणीतरी हवं ना, काका.”

दोन वर्षांपूर्वी हीच रेखा ओट्यावर चढून रडत होती. जवळ जायची कुणाची छाती झाली नव्हती, म्हणून तेव्हाचा साप काकांच्या हाती जिवंत लागून टेकडीवर सुटला होता. पुढे सापाच्या विषावरची लस आली, तेव्हा ती घ्या म्हणून दारोदार फिरले ते काकाच. त्यांची मुलगी घोणस चावूनच गेली होती.

त्यांनी घोणस पिशवीत घातली आणि टेकडीवर नेली. नेहमीच्या करवंदीच्या जाळीपाशी पिशवीचं तोंड सोडलं, आणि सवयीनं दोन पावलं मागे सरले.