एकतिसावं नाव

वहीत एकतीस नावं होती. प्रत्येक नावापुढे तीन रकाने: तारीख, मागणं, उत्तर. अकरा नावांच्या उत्तरात 'ताप' आणि त्याची तारीख लिहिली होती. त्या अकरांपैकी तिघांपुढे बारीक क्रूस होता.

कुंडलिकने पुन्हा मोजलं. तेवढेच भरले.

वही त्याच्या आईची, ठमाबाईची. इंदापूरच्या ख्रिस्ती वस्तीत ती बायबलबाई होती. घरोघर जाऊन वचनं वाचायची, कुणाला काय अडलंय ते विचारायची, वहीत उतरवायची आणि त्यासाठी रोज पहाटे गुडघे टेकायची. बारा वर्षांपूर्वी तिला आणि छोट्या कुंडलिकला एकदमच मुदतीचा ताप आला होता. दोघंही वाचली. उरलेलं आयुष्य दुसऱ्यांसाठी मागण्यात घालवीन, असा शब्द तेव्हा तिने प्रभूला दिला. प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर ती तोच शब्द लिहून ठेवी.

आता वस्तीतली दारं तिला उघडत नव्हती. ठमाबाईच्या वहीत नाव चढलं की पंधरवड्यात ताप येतो, असं बायका विहिरीवर बोलत होत्या. रविवारी उपासनेनंतर वही सगळ्यांसमोर जाळायची आणि तिचं काम काढून घ्यायचं, असं घाटत होतं. मंडळीचे पंच तात्याबा यांनी कुंडलिकला तसं पत्र धाडलं. कुंडलिक बी.एस्सी. होऊन बारामतीच्या शाळेत शास्त्र शिकवत होता. शनिवारी, नऊ जानेवारीला, तो सकाळच्या मोटारीने आला. लोकांचं म्हणणं खोटं आहे हे त्याला आकड्यांनी दाखवायचं होतं.

तात्याबा ओट्यावर येऊन बसले होते.

"तुझं गणित मांड बाबा," ते म्हणाले. "तिसरा क्रूस माझ्या नातीचा हाय."

कुंडलिकने नाव लिहिल्याची तारीख आणि ताप आल्याची तारीख यांतलं अंतर काढलं. ते कमीजास्त कसंही निघेल, असा त्याचा अंदाज होता. निघालं ते असं: सर्वांत कमी नऊ दिवस, सर्वांत जास्त सोळा. मग त्याने ट्रंकेतून मागच्या तीन वह्या काढून चाळल्या. दोनशेच्या वर नावं होती. असा ताप कुठेही नव्हता. ही वही मात्र गेल्या जूनमध्ये सुरू झाली होती.

जूनपासून नवीन काय, असं त्याने आईला विचारलं. तिला आधी काही सुचेना. मग ती म्हणाली, म्हैस जूनमध्ये व्याली. तेव्हापासून ज्याचं नाव लिहायचं त्याच्या घरी ती तांब्याभर ताक घेऊन जात होती. कुणासाठी मागायचं आणि त्याच्या दारात रिकाम्या हाताने जायचं, हे तिला बरं वाटत नसे.

कुंडलिक एकेक नाव वाचत गेला आणि ताक कुणी प्यायलं ते ती सांगत गेली. ताप आलेले अकराही जण प्यायले होते. आणखी सात जण प्यायले होते, त्यांना काही झालं नव्हतं. बारा जणांनी ताक घेतलंच नव्हतं. कचेरीतल्या कारकुनाच्या पत्नी प्रयागबाई मुलीच्या लग्नासाठी मागणं करवून घेत, पण मागल्या दारी आणि चार हात लांब उभ्या राहून. हिंदुराव पाटलांचंही तसंच. ही बाराही घरं गावातली होती, वस्तीबाहेरची.

"त्यास्नी आपला देव चालतो, आपलं ताक न्हाय चालत," ठमाबाई हसून म्हणाली.

त्या बारांत एकालाही ताप नव्हता.

मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, येऊन गेलेल्या काही माणसांच्या पोटात त्याचे जंतू वर्षानुवर्षं राहतात. त्यांना स्वतःला काही होत नाही. त्यांच्या हाताचं खाणाऱ्या-पिणाऱ्याला होतं. हे कुंडलिकने कॉलेजात वाचलं होतं. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"आई, लोणी कशानं काढतेस?"

तिने उजवा हात पुढे केला. "हातानं. आजून कशानं काढत्यात?"

तात्याबांनी त्या हाताकडे पाहिलं आणि मग कुंडलिककडे.

तीस नावं झाली होती. एकतिसावं मागच्या पानावर एकटंच होतं. ते त्याने दोनदा मोजलं होतं, वाचलं आता. २७ डिसेंबर. बना, सून. सुखरूप बाळंतपण.

नाताळात ठमाबाई आठ दिवस बारामतीला त्यांच्याकडे राहिली होती. शेजारच्या गवळणीकडून दूध घेऊन तिने तिथेच विरजण लावलं होतं. रवीचा आवाज त्याने पहाटे अंथरुणातून ऐकला होता.

"बना प्यायली?"

"दोन तांबं पाजलं. पोटुशी पोर, नगं नगं म्हनत व्हती. मीच बळं पाजलं." ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. "काय झालं रं? उद्या मंडळीला काय सांगनार तू? माजी वही खोटी हाय म्हून?"

आजपासून कुणालाही ताक द्यायचं नाही, एवढंच त्याने सांगितलं. दुपारची मोटार सुटायला पाव तास होता. तो चप्पल घालत असताना तिने टाक शाईत बुडवला आणि वही जवळ ओढली.

चारच्या सुमाराला तो बारामतीला घरी पोचला. बना उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. उन्हातही तिने अंगावर शाल घेतली होती. कालपासून डोकं जड आहे, बाकी काही नाही, असं ती म्हणाली. एवढ्या लवकर कसे परतलात, असंही तिने विचारलं. त्याने दिवस मोजले. आज तेरावा.

त्याने थर्मामीटर झटकला, तिच्या जिभेखाली ठेवला आणि घड्याळ समोर धरून तीन मिनिटं मोजली.

पारा एकशे एक पूर्णांक चारवर होता.