उजेड जरा कमी करा

"उजेड जरा कमी करा ना," नवरदेव पुन्हा म्हणाला.

मामांनी भाचीकडे पाहिलं. बघ, मी म्हणत नव्हतो?

नवरदेवाचा धंदा नाटकवाल्यांना दाढ्या, मिशा आणि केसांचे टोप करून देण्याचा. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र असं रान माजलेलं, की पहिल्याच भेटीत मामांच्या मनात पाल चुकचुकली. बाप नसलेली पोर. उद्या फसली तर बोल कुणाला? "केस खोटे निघाले, तर लग्न मोडलं म्हणून समज," असं त्यांनी भाचीला सकाळीच बजावलं होतं. टोप चिकटवायचा डिंक उष्णतेला टिकत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर स्टुडिओत जोडीचा फोटो काढायचा हट्ट त्यांचाच.

फोटोवाल्याने रेग्युलेटरला हात लावला नाही. "बटण उतरवलं की चेहरे पिवळे पडतात, साहेब. कावीळ झालेलं जोडपं दिसेल. त्यापेक्षा दिवा मागे घेतो, नाहीतर पुढे जाळी लावतो."

"जाळीबिळी नको!" मामांनी दिव्याचा स्टँड स्वतःच पुढे ओढला आणि नीट दिसावं म्हणून झोतातच मान खुपसली. "होऊ दे लख्ख!"

"मामा, तुमची सावली पडतेय," भाची म्हणाली.

"पडू दे."

दिवा तव्यासारखा तापला. भाचीची पावडर ओघळली. नवरदेवाचं मात्र कॅमेऱ्याकडे लक्षच नव्हतं. तो चोरून मामांकडे बघत होता, आणि एक हात खिशात.

"खिशात काय लपवलंय, जावईबापू?"

"बाटली आहे. डिंकाची."

"वा! बरोबर घेऊन फिरता?"

"लागतो कधीकधी."

"मामा, पुरे ना आता," भाची रडवेली झाली.

"तू गप, चिमणे. चोराच्या मनात चांदणं!" मामांनी रुमालाने कपाळ पुसलं. पुसलं कसलं, जपून टिपलं.

"अहो, खरंच कमी करा," नवरदेव कळवळून म्हणाला.

"वाढव रे!" मामा गरजले.

फोटोवाल्याने खांदे उडवले आणि बटण पार टोकापर्यंत फिरवलं.

नवरदेव ताडकन स्टुलावरून उठला.

"बघ, बघ! पळतोय!"

पण तो दाराकडे गेलाच नाही. सरळ मामांसमोर आला, भाचीला नि फोटोवाल्याला काही दिसू नये असा पाठ करून उभा राहिला आणि त्यांच्या कानाशी पुटपुटला,

"हलू नका, मामा. टोप उजवीकडून सुटलाय. पहिल्या भेटीपासून ही बाटली तुमच्यासाठीच बाळगतोय."